सुरुवातीच्या पंकमधलं तुमचं एक गाणं कोणतं? आणि ते पहिल्यांदा कुठे ऐकलंत?

तीनकॉर्ड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतोच. मी पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते वेगवान, रांगडं रॉक, ऐकायला लागलो ते इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, २०११ साली, शेजारच्या खोलीतल्या मणिपुरी मित्राच्या पेनड्राइव्हवरून, आणि तेव्हापासून ते सुटलं नाही. त्यातही माझा जीव अडकलाय तो अगदी सुरुवातीच्या काळात, म्हणजे ऑगस्ट १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात रमोन्स हा बँड पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले तिथपासून ते साधारण १९७९ संपेपर्यंत. पाचेक वर्षं. पण या पाच वर्षांबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं वाचून आणि व्हिडिओ बघून, त्या वेळी स्वतः तरुण असलेला आणि हे ऐकलेला मराठी माणूस मला आजवर एकही भेटला नाही. इथे कोणीतरी असणारच असं वाटतं म्हणून विचारतोय.

यादी नको. एकच गाणं सांगा, आणि ते कुठे, कसं कानावर पडलं ते सांगा. लांबलं तरी चालेल.

माझं आहे बझकॉक्सचं 'बोअरडम'. हा बँड काढणारे मँचेस्टरचे दोन कॉलेजातले पोरगे, हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली, लंडनकडे जाऊन सेक्स पिस्टल्स या बँडला ऐकून आले आणि इतके भारावले की ४ जून १९७६ ला त्यांनी स्वतःच पिस्टल्सना मँचेस्टरला बोलावून लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम लावला. ऐकायला आलेली माणसं मोजकीच, एखाद्या लग्नाच्या बसमध्ये बसतील एवढी, पण त्यातल्याच दोघांनी पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढला. मग जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्सनी ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता, हजार प्रती. आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट अशी की कव्हरवर त्यांनी छापलंय कुठलं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या प्रयत्नात, झालं आणि त्यावर किती ओव्हरडब, म्हणजे मागाहून चढवलेले आवाज, आहेत. म्हणजे स्वयंपाक करून वाढायचा आणि वर कृतीही ताटाशेजारी ठेवायची.

'बोअरडम'मधला गिटार सोलो दोन सुरांचा आहे. दोनच. तेच दोन, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. मी तो पहिल्यांदा ऐकला होस्टेलच्या गच्चीवर, त्या सेमिस्टरला तीन विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं, आणि तो सोलो ऐकताना असं झालं की हा माणूस मला काही शिकवत नाहीये, समजावत नाहीये, माझ्या शेजारी बसून कंटाळलाय फक्त. त्या रात्री मी घरी फोन केला आणि सगळं सांगितलं. गाण्यामुळेच केला का ते माहीत नाही, पण ते गाणं आणि तो फोन माझ्या डोक्यात एकत्रच आहेत.

आता तुम्ही बोला.

लघुलहरी

तीनकॉर्ड, तुम्हाला हवा तो माणूस भेटला असं समजा. १९७८ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि पुण्यात नारायण पेठेत राहत होतो. वाड्यात आमच्या दोन खोल्या, आणि वडिलांचा मर्फीचा रेडिओ. त्याला तांब्याची तार लावून ती मी खिडकीतून वर पन्हळीपर्यंत नेली होती. रात्री सगळे झोपले की आवाज अगदी बारीक करून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावायचो. तिथे जॉन पील नावाच्या माणसाचा आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. बाकीचे निवेदक कसे उत्साहाने उसळत बोलायचे, हा मात्र शेजारचे काका ओट्यावर बसून बोलतात तसा, संथ, जरा थकलेल्या आवाजात बोलायचा आणि मग अचानक जे लावायचा ते ऐकून अंगावर काटा यायचा.

माझं गाणं अंडरटोन्सचं 'टीनेज किक्स'. ज्यांनी शॉर्टवेव्ह ऐकलाय त्यांना माहीत आहे, आवाज एकसारखा येत नाही, गाणं लांब जातं, बुडतं, परत वर येतं, मधेच दुसरं कुठलं तरी स्टेशन त्यात मिसळतं. आणि या बँडच्या गायकाचा, फर्गल शार्कीचा, आवाजच मुळात थरथरणारा आहे, बकरीच्या पिल्लासारखा म्हणा हवं तर. त्या रात्री मला कळेना की यातली थरथर त्याची किती आणि लहरींची किती. अडीच मिनिटं आणि संपलं. मी वहीत लिहून ठेवलं: अंडरटोन्स, आयर्लंड. वही अजून आहे.

ते गाणं मला परत ऐकायला मिळालं १९८४ मध्ये, आतेभाऊ कुवेतहून कॅसेट घेऊन आला तेव्हा. मधली सहा वर्षं मी ते नुसतं आठवत होतो. सायकलवरून लक्ष्मी रोडने जाताना, परीक्षेच्या हॉलमध्ये, वडील गेले त्यानंतरच्या त्या रिकाम्या दुपारी. फोर्टातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात विचारायला एकदा खास मुंबईला गेलो होतो, तिथे नव्हतं. आणि १९८४ मध्ये कॅसेट लावली तर आधी ओळखूच आलं नाही, कारण त्यात खरखर नव्हती. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझं गाणं मला सापडलं.

बाकीचं नंतर कळत गेलं. हे पाच जण उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचे. तेच शहर जिथे जानेवारी १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या घातल्या आणि तेरा माणसं जागेवर गेली. अशा गावातल्या पोरांनी १९७८ मध्ये बेलफास्टला जाऊन 'गुड व्हायब्रेशन्स' नावाच्या छोट्या लेबलसाठी जे गाणं केलं त्यात बंदूक नाही, धर्म नाही, शेजारच्या आळीतल्या मुलीसाठी जीव तळमळतोय एवढंच. पीलने त्याच्या रेडिओ वनच्या कार्यक्रमात ते लागोपाठ दोनदा वाजवलं होतं. तो २००४ मध्ये गेला, त्याच्या कबरीच्या दगडावर याच गाण्यातली ओळ कोरलेली आहे.

आणखी एक, मुंबईकरांसाठी. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा इंग्लंडचा बँड मुंबईत वाजवून गेला, टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी तो कार्यक्रम घडवून आणला होता. मी डेक्कन क्वीनने गेलो. तोवर ते लोक पंकपासून बरेच लांब आले होते हे कबूल, पण १९७७ चं त्यांचं पहिलंच 'फॉल आउट' ऐका, ते सरळ सरळ पंक आहे. एवढ्या जवळून, त्या घराण्यातलं कोणीतरी, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं माझ्याकडे तेवढंच.

डाउनस्ट्रोक

काका, निव्वळ सुंदर. वाचनखूण साठवली.

मी नाशिकला गिटार शिकवतो, तेव्हा मी जरा हाताच्या बाजूने बोलतो. माझं गाणं रमोन्सचं 'ब्लिट्झक्रीग बॉप', उत्तर अगदीच अपेक्षित आहे पण खरं तेच आहे. 'यांना वाजवता येत नव्हतं' हे वाक्य मला फार खटकतं. जॉनी रमोन सगळं डाउनस्ट्रोकने वाजवायचा, म्हणजे पिक फक्त वरून खाली, खालून वर येताना तारेला लावायचाच नाही. हे त्या वेगात अर्धा तास करून बघा, कार्यक्रमभर, न थांबता, दोन गाण्यांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही कारण बेसवाला डीडी लगेच एक-दोन-तीन-चार ओरडतोय. माझे विद्यार्थी, जे अवघड अवघड सोलो आरामात वाजवतात, ते दुसऱ्या मिनिटाला मनगट धरून बसतात. खाली-वर वाजवलं तर सोपं जातं, पण मग तो करवतीसारखा सपाट आवाज येत नाही, झोका येतो, आणि झोका आला की ते गाणं राहत नाही.

त्यांचा पहिला अल्बम, एप्रिल १९७६, चौदा गाणी २९ मिनिटांत, खर्च साधारण ६,४०० डॉलर. त्या काळी मोठे बँड एकेका अल्बमला महिनोन्‌महिने लावायचे. यात एक गोष्ट आहे जी मी शिकवताना वापरतो: गिटार एका कानात आहे आणि बेस दुसऱ्या कानात. हेडफोनची एक बाजू काढली की गिटार गायब, दुसरी काढली की बेस गायब. तुमच्या वाट्याचं वाद्य बंद करा आणि त्या जागी स्वतः वाजवा. मी १९९९ मध्ये असाच शिकलो, वॉकमनचा डावा बोंडा कानात आणि उजवा लोंबकळत ठेवून, कारण मास्तर परवडत नव्हते. माझे पहिले मास्तर म्हणजे ते चौघे. (आणि चौघांचं आडनाव रमोन असलं तरी कोणी कोणाचा भाऊ नाही, क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सची गल्लीतली मुलं ती.)

पिस्टल्सचंही तेच. 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' ऐकून लोकांना वाटतं दंगा आहे. स्टीव्ह जोन्सने गिटारचे थरावर थर चढवलेत त्यात, आणि अल्बमवरचा बराचसा बेसही त्यानेच वाजवलाय कारण बँडचा बेसवाला सिड व्हिशस, त्याला जमत नव्हता. सिडचे फोटो सगळीकडे, काम जोन्सचं. मला याचं वाईट वाटतं.

मारवा

मी या विषयात नवखा आहे, सरळ विचारतो, कोणी मनाला लावून घेऊ नका. माझे कान किराणा घराण्यावर वाढले. मुलगा हे ऐकतो, दार लावून ऐकतो. मी दोन-तीनदा बाहेर उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला पण कुठे पकडायचं तेच कळत नाही. स्वर लागलेला नाही, विस्तार नाही, सुरू होतं आणि संपतं. यात ऐकायचं नेमकं काय असतं?

डाउनस्ट्रोक

मारवाजी, दाराबाहेर उभं राहून ऐकलंत हे वाचूनच बरं वाटलं. अनंत चतुर्दशीला ढोल-ताशा पथक समोरून जातं तेव्हा आपण त्यात आलाप शोधत नाही. छातीत काय होतंय ते बघतो. तिथून सुरुवात करा. आणि शब्द. शब्द कळले नाहीत तर मुलाला विचारा, तो सांगेल, बहुतेक त्याला सांगायचंच असेल.

अनियतकालिक

दोन दुरुस्त्या आणि एक गाणं.

पहिली. धागाकर्त्याने नाव घेतलंय त्या 'तीन कॉर्ड'वरून आठवलं. ते प्रसिद्ध चित्र आहे ना, हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा, ते मार्क पेरीच्या 'स्निफिन ग्लू' या फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी घरीच काढलेल्या अंकात, आलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथे नाही, ते 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या फॅनझीनमध्ये आलं, जानेवारी १९७७. 'स्निफिन ग्लू' त्याआधी सहा महिने, जुलै १९७६ मध्ये निघालं, पेरी तेव्हा बँकेत कारकून होता, टाइपराइटरवर मजकूर आणि मथळे स्केचपेनने, मग झेरॉक्स. हे बघितलं की मला आपल्याकडची पन्नास-साठच्या दशकांतली लघुनियतकालिकं आठवतात, 'शब्द', 'असो', सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागायची ती. दोन्हीकडे एकमेकांची गंधवार्ता नव्हती आणि आपली पंधरा-वीस वर्षं आधीची, तरी छापखान्याच्या मालकाची आणि संपादकाची वाट बघायची नाही ही खोड तीच. माझ्या वडिलांनी असा एक अंक चार महिने चालवला होता, म्हणून मला त्या कागदाचा वास ओळखीचा आहे.

दुसरी. 'पहिलं पंक कोणाचं' यावर कोणी अजून भांडलं नाही याचं आश्चर्य वाटतं. ब्रिटनमधला पहिला पंक सिंगल म्हणजे डॅम्डचं 'न्यू रोझ', २२ ऑक्टोबर १९७६, पिस्टल्सच्या 'ॲनार्की इन द यूके'च्या महिनाभर आधी. पण त्याच्याही आधी, सप्टेंबरात, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून सेंट्स नावाच्या बँडने 'स्ट्रँडेड' काढलं होतं, स्वतःच्या पैशाने, ५०० प्रती. लंडन, न्यूयॉर्क सोडा, सिडनीपासूनही लांब, कडक पोलीसराज असलेलं गाव. त्यांनी रमोन्स ऐकून हे केलेलं नाही, ते आपले आपणच तिथे पोचले. माझं गाणं हेच. गिटार सुरू झाली की असं वाटतं कोणीतरी रिकाम्या गोदामाचं शटर खाली ओढतंय आणि ते खाली येतच राहतं. २००३ मध्ये मी नोकरीसाठी मेलबर्नला होतो, एका कम्युनिटी रेडिओवर लागलं, मी गाडी रस्त्याकडेला घेतली.

साउथॉलची

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण वरचं सगळं वाचून राहवलं नाही. मराठी टाइप करायची सवय कमी, चुका पोटात घाला.

आम्ही दादरहून लंडनला आलो १९७१ मध्ये, मी नऊ वर्षांची. बाबांना हीथ्रोजवळ नोकरी लागली, घर साउथॉलला. आजूबाजूला सगळे पंजाबी, मराठी घर आमचं एकच, मराठी माणसं भेटायची ती गणपतीला. तुम्ही सगळे पंक 'ऐकलं' म्हणताय, मी ते आधी पाहिलं, आणि पाहिलं ते भीतीने. १९७६ च्या जूनमध्ये आमच्या साउथॉलमध्येच गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाला गोऱ्या पोरांनी भोसकून मारलं. त्यानंतर आईने दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं नाही असा नियमच केला. त्या काळात रस्त्यावर कातडी जॅकेट, साखळ्या, उभे केस असलेली पोरं दिसली की आम्ही रस्ता ओलांडायचो. यातले मारणारे कोण आणि गाणारे कोण हे कपड्यावरून कळायचं नाही.

आणि एक गोष्ट जी पंकवाले लोक हल्ली चटकन विसरतात. सुरुवातीला त्यांच्यातले काही जण, सिड व्हिशस, गायिका सूझी सू, नाझींचं ते चिन्ह शर्टावर, दंडावर लावून फिरायचे, म्हाताऱ्यांना धक्का द्यायला म्हणे. आमच्या उंबऱ्यावर आई रोज रांगोळीने स्वस्तिक काढायची. १९७७ मध्ये एका शेजाऱ्याने बघितलं आणि दारात येऊन काय वाट्टेल ते बोलला, तेव्हापासून आईने ते आत देवघरासमोर काढायला सुरुवात केली. परत उंबऱ्यावर कधीच काढलं नाही. त्या लोकांची गाणी मला आवडली तरी एवढ्यापुरतं मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग एका मैत्रिणीने तिच्या भावाची तबकडी लावली. एक्स-रे स्पेक्स, 'ओह बॉन्डेज अप युअर्स'. सुरुवातीला एक मुलगी अगदी गोड, शांत आवाजात म्हणते की लोकांना वाटतं लहान मुलींनी दिसावं पण त्यांचा आवाज ऐकू येऊ नये, आणि मग ती जी किंचाळते! मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही हे वाक्य मी आजीकडून दादरला आणि शाळेत इंग्रजीतून, दोन्हीकडे ऐकलं होतं. मागून सॅक्सोफोन नुसता भोंग्यासारखा. कव्हरवरचा फोटो बघितला तर पॉली स्टायरीन, दाताला तारा लावलेल्या, केस कुरळे, रंग सावळा. बाप सोमालियाचा, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. माझ्याही दाताला तारा होत्या. शाळेत मी तोंडावर हात ठेवून हसायचे.

३० एप्रिल १९७८. गिटारवाला एरिक क्लॅप्टन १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी लोकांना हाकला असं काहीबाही बोलला होता, त्यावर चिडून काही जणांनी म्युझिकच्या पेपरात पत्र लिहिलं आणि त्यातून रॉक अगेन्स्ट रेसिझम सुरू झालं, त्यांचा हा मोठा मोर्चा. घरी लायब्ररी सांगून आम्ही तिघी २०७ नंबरच्या बसने शेपर्ड्स बुशला, तिथून ट्यूबने ट्रॅफल्गर स्क्वेअरला. तिथून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत सहा-एक मैल चालायचं होतं. मला वाटलं होतं पाचशे माणसं असतील. ऐंशी हजार होती म्हणतात, काही म्हणतात लाख. ट्रकवर बँड वाजवत चालले होते, पोरांनी शिट्ट्या आणल्या होत्या, आणि ज्या साखळ्या आणि जॅकेटं बघून आम्ही रस्ता ओलांडायचो तसेच कपडे घातलेली पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी चालत होती, त्यातल्या एकाने आम्हाला त्याच्या सँडविचमधलं अर्धं दिलं. चिकन होतं, मी घरी शाकाहारी, मी खाल्लं.

पार्कात पॉली स्टायरीन गायली. नंतर क्लॅश आले, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन. क्लॅशच्या वेळी माणसं एवढी उसळली की आमच्या पायाखालची जमीन हलत होती. पण मला ती आठवते, लांबून अगदी लहानशी दिसणारी. मी त्या दिवशी हात न ठेवता हसले असं मी म्हणते, मैत्रीण म्हणते तू रडत होतीस.

तरी माझं एक गाणं ते नाही. माझं गाणं रट्सचं 'जाह वॉर'. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये निवडणुकीची सभा ठेवली, आमच्या छातीवर, मुद्दाम. दुपारी एकला सगळी दुकानं बंद झाली, हजारो लोक रस्त्यावर, हजारो पोलीस. ब्लेअर पीच नावाचा न्यूझीलंडचा शिक्षक डोक्यावर घाव बसून त्या रात्री गेला, २०१० मध्ये जाहीर झालेल्या पोलिसांच्याच अहवालात म्हटलंय की तो घाव जवळजवळ नक्कीच एका पोलिसाचा होता. मिस्टी इन रूट्स हा रेगे बँड आमच्याच गल्ल्यांमधला, त्यांच्या पार्क व्ह्यू रोडवरच्या घरात शिरून मारहाण झाली, त्यांचा मॅनेजर क्लॅरन्स बेकर याची कवटी फुटली, तो कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हता. रट्स गोरे, पंक, आमच्याच बाजूचे, आणि त्यांचा पहिला सिंगल मिस्टीच्याच लेबलने काढला होता. त्यांनी क्लॅरन्सवर हे गाणं केलं. पंकचा वेग नाही त्यात, सात मिनिटांचं संथ रेगे आहे, बेस जमिनीखालून येतो. आमच्या रस्त्यावर जे झालं ते पेपरांनी कसंही छापलं, या गाण्यात ते जसं झालं तसं होतं. साडेतीनशेच्या आसपास लोकांवर खटले भरले, त्यांच्या वकिलांच्या पैशासाठी जुलैत रेनबो थिएटरमध्ये दोन रात्री कार्यक्रम झाले, एका रात्री क्लॅश. त्याला मी गेले, घरी सांगून गेले.

तीनकॉर्ड

ताई... मी हे तीन वेळा वाचलं. धागा काढताना मला वाटलं होतं लोक गाण्यांची नावं टाकतील. त्या चिन्हाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी आजवर 'त्या काळातला आगाऊपणा' म्हणून सोडून द्यायचो, आता नाही सोडता येणार.

तुम्हाला बहुतेक माहीत असेल, तरी सांगतो, १९७९ मध्येच दक्षिण लंडनमध्ये एलियन कल्चर नावाचा बँड निघाला, चारपैकी तिघे पाकिस्तानी घरातले. जानेवारी १९७८ मध्ये थॅचरबाई, तेव्हा विरोधी पक्षनेत्या, टीव्हीवर बोलल्या होत्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल अशी लोकांना भीती वाटते, त्यावरून हे नाव, म्हणजे 'परकी संस्कृती'. १९८० मध्ये त्यांचा एकच सिंगल आला, 'एशियन यूथ'. वाजवणं कच्चं आहे, पण घरात एक आणि बाहेर एक असं जगणाऱ्या पोरांबद्दल आहे.

एक विचारू का, राग मानू नका. त्या पहिल्या वेळचं, व्हिक्टोरिया पार्कचं, घरी कळलं का कधी?

लघुलहरी

ताई, १९७९ च्या एप्रिलमध्ये त्याच वर्ल्ड सर्व्हिसवर साउथॉलची बातमी मी ऐकली होती. 'साउथहॉल' असं वहीत लिहिलंय. तिथे कोणी मराठी मुलगी असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

साउथॉलची

काका, वहीत लिहिलंय हे वाचून कसंतरीच झालं.

तीनकॉर्ड, हो, कळलं. त्याच रात्री. मोर्चात मी रॉक अगेन्स्ट रेसिझमचा बॅज घेतला होता, वर्तुळात पाच टोकांची चांदणी, आणि तो कोटाच्या कॉलरखाली लपवला होता. आईने कोट टांगताना बघितला. ओरडली नाही. ही कसली चांदणी एवढंच विचारलं. मी सांगितलं, सगळं, चिकन सोडून. ती म्हणाली बाबांना मी सांगेन, तू सांगू नकोस.

पुढच्या वर्षी, २३ तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी, त्या बॅजची मागची पिन तुटली. तुम्हाला आठवत असेल आपल्या आया बांगडीत सेफ्टी पिना अडकवून ठेवायच्या, साडीला, ब्लाउजला, कशाला लागेल म्हणून. तिकडे पंक पोरं गालात पिना घालत होती आणि आमच्या घरात त्या रोज आईच्या हातात वाजायच्या. तिने त्यातली एक काढली, बॅजच्या मागे कशीबशी बसवली आणि कोटाला लावली, कॉलरखाली नाही, वर, समोर. मग दार उघडून मला म्हणाली, जा, बसला उशीर होईल.

बॅज अजून माझ्याकडे आहे. गंजलाय. पिन तीच आहे.

अनियतकालिक

फोटो टाका जमला तर.

साउथॉलची

लेकाला सांगते रविवारी काढायला.

मारवा

'जाह वॉर' ऐकलं. दार वाजवून आत गेलो आणि लाव म्हटलं. पूर्ण ऐकलं, शब्द तो सांगत गेला. त्यातल्या बेसची लय विलंबित आहे, तिथे मला पाय ठेवायला जागा मिळाली. आता तो म्हणतोय एक्स-रे स्पेक्सपण ऐका. बसलोय.